लाइव्ह दिसतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही: एनव्हीआर लावताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा सकाळी सातला फोन. रात्रीत पार्किंगमधून दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या, पोलीस येऊन गेले, फुटेज मागतायत, आणि आमच्यात कुणालाच ते काढता येत नाहीये, जरा येतोस का. सिस्टीम मी लावलेली नव्हती पण ओळखीतले म्हणून चहा अर्धा टाकून गेलो. वॉचमन मामांच्या केबिनमध्ये टीव्हीवर सोळाच्या सोळा कॅमेरे झकास चालू, चित्र एकदम स्वच्छ. माउस हातात घेतला, प्लेबॅक उघडलं, कॅलेंडर बघितलं तर अख्ख्या महिन्यात एकाही तारखेवर खूण नाही. मागचा महिना कोरा, त्याच्या मागचा पण कोरा. स्टोरेजमध्ये गेलो तर हार्ड डिस्कसमोर 'अनइनिशियलाइज्ड'. म्हणजे डिस्क बसवली, पण एनव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारं मशीन) फॉरमॅटच मारली नाही, आणि चार महिने सगळी सोसायटी टीव्हीकडे बघून निवांत.

मामांना विचारलं, हे मशीन कधी वाजलं नाही का हो? तर म्हणाले, "पहिल्या दिवशी लई टुकटुक करत होतं, मंग त्या पोरानेच आवाज बंद करून दिला."

आता हसावं का रडावं. ती टुकटुक म्हणजेच एनव्हीआर सांगत होता की बाबा रे डिस्कचा घोळ आहे.

मी बरीच वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतो, सोसायट्या, मेन रोडची दुकानं, सातपूर-अंबडचे छोटे कारखाने, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्षाचे पॅकहाउस, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींमध्ये कॅमेरा चांगलाच असतो, कुणी प्लेबॅक उघडून बघितलेलं नसतं एवढंच. म्हणून लावणाऱ्याचे पैसे त्याच दिवशी पूर्ण देऊ नका (माझ्या धंद्यातले लोक शिव्या घालतील मला). एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून प्रत्येक कॅमेऱ्याचं रात्री दोनचं रेकॉर्डिंग काढायला लावा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. त्याच वेळी ओव्हरराइट (डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिणं) चालू आहे का बघा, नाहीतर डिस्क भरली की रेकॉर्डिंग गपचूप थांबतं. शेड्यूल पण बघा, मी असे एनव्हीआर बघितलेत जिथे सोमवार ते शुक्रवार भरलेलं आणि शनिवार-रविवार मोकळा, जसं काय चोराला पण वीकेंडला सुट्टी असते. आणि तो बझर बंद करू नका. वाजला तर कारण शोधा.

डिस्क किती दिवस पुरेल

दुकानदार सांगतो "चार टीबी टाकू, महिनाभर आरामात जाईल". कशावरून? हिशोब सोपा आहे, कागदावर होतो. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो तो, ४ मेगाबिट ठेवला तर सेकंदाला अर्धा एमबी, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे साधारण ४३ जीबी रोजचे, एका कॅमेऱ्याचे. सोळा कॅमेरे म्हणजे रोज ६९० जीबीच्या आसपास. चार टीबी सहा दिवसांत खल्लास. आणि आपल्याकडे चोरी कधी कळते, तर गावाला गेलेलं कुटुंब पंधरा दिवसांनी परत येतं तेव्हा.

एच २६५ ला (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) टाकून बिटरेट २ मेगाबिटवर आणला तर तेवढ्याच डिस्कवर साडेअकरा दिवस जातात. तीस दिवस हवेच असतील तर सोळा कॅमेऱ्यांना दहा टीबीच्या वर डिस्क लागते, तिथे पर्याय नाही. काही जण जागा वाचवायला सगळे कॅमेरे मोशनवर (हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग) टाकतात, जिन्यात वगैरे ठीक आहे, पण गेटसमोर झाड असेल तर वाऱ्याने रात्रभर मोशन चालू आणि खरा माणूस आला की सुरुवातीचे दोन-तीन सेकंद गायब. मी गेट आणि कॅश काउंटर कायम सलग रेकॉर्डिंगवर ठेवतो, बाकी मोशनवर, आणि प्री-रेकॉर्ड (हालचालीच्या आधीचं रेकॉर्डिंग) पाच सेकंद तरी.

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून एनव्हीआरला लावायचा मोह आवरा. ती चोवीस तास लिहिण्यासाठी नसते. सीसीटीव्हीसाठीच्या वेगळ्या डिस्क मिळतात, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, थोड्या महाग पडतात पण घ्या. आणि ४ टीबीची डिस्क एनव्हीआरमध्ये ३.६ दिसली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, ते मोजायच्या पद्धतीमुळे दिसतं तसं.

दिवसा चालतो, रात्री बंद पडतो

ही तक्रार आली की मी कॅमेऱ्याकडे बघतच नाही, आधी केबल हातात घेतो. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसवर गेटचा कॅमेरा रोज अंधार पडला की दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट व्हायचा. मालक म्हणे कॅमेरा खराब, दोनदा बदलून झाला. मी केबलचं टोक सोलून चाकूने तारेवर खरवडलं तर वरचा तांब्याचा रंग निघाला आणि खाली चकचकीत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात ही केबल स्वस्त मिळते आणि बॉक्सवर सीसीए असं बारीक छापलेलं असतं, वाचतं कोण. वर अंतर पण १४० मीटरच्या पुढे. दिवसा कॅमेरा थोडी वीज खातो, अंधारात आयआर लाइट (डोळ्यांना न दिसणारा, रात्री बघायचा उजेड) लागले की जास्त ओढतो, एवढ्या लांबच्या हलक्या केबलवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बसतो. उठतो, लाइट लावतो, परत बसतो. रात्रभर उठाबशा.

नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे, तीही शुद्ध तांब्याच्या. त्याच्या पुढे जायचं असेल तर मध्ये स्विच टाका नाहीतर फायबर ओढा. आणि पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) घेताना पोर्ट मोजून भागत नाही, एकूण वॅट बघा. साध्या पीओईमध्ये एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट, पण आठ पोर्टच्या स्वस्त स्विचवर सगळ्यांचं मिळून ६०-६५ च असतं, साधे बुलेट कॅमेरे आरामात चालतात, त्यातच एक फिरता कॅमेरा जोडला की दुसरा कुठलातरी झोपतो आणि आपण त्या गरीब कॅमेऱ्याला दोष देतो.

त्याच पॅकहाउसची पुढची गंमत. वळवाच्या पावसात शेजारच्या शेतात वीज कोसळली आणि दोन शेडमध्ये ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका आत आला, स्विचचे चार पोर्ट आणि एनव्हीआरचं नेटवर्क कार्ड गेलं. आता दोन इमारतींमध्ये मी फायबरच टाकतो, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा). काचेच्या तारेतून वीज वाहत नाही, विषय संपला. आणि अर्थिंग करा हो, नुसती तीन पिनची पिन असून उपयोग नाही, त्या तिसऱ्या भोकाच्या मागे तार आहे का ते तरी बघा.

यूपीएस लावलेला असतो एनव्हीआरला, पण पीओई स्विच साध्या बोर्डावर. लाइट गेली की एनव्हीआर जिवंत आणि कॅमेरे सगळे मेलेले, म्हणजे तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंगच नाही. स्विच आणि राउटर पण त्याच यूपीएसवर घ्या.

चेहरा दिसतो का, की नुसता माणूस

"आमच्याकडे एकच कॅमेरा लाव, सगळं आलं पाहिजे." हे वाक्य मी रोज ऐकतो. सगळं येतं, पण ओळखू कुणीच येत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा पक्का ओळखायचा तर एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात असं स्टँडर्ड आहे. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल, म्हणजे साडेसात मीटर रुंदीच्या पुढे चित्र पसरलं की चेहऱ्याचा लाडू. २.८ एमएमची लेन्स एवढी पसरट असते की तीनेक मीटरपर्यंतच चेहरा नीट मिळतो. म्हणून एक रुंद कॅमेरा वरून, आणि एक जास्त एमएमच्या, म्हणजे कमी पसरट लेन्सचा, गेटच्या अरुंद जागेवर, चेहऱ्याच्या थोडा वर. दहा फुटांच्या वर नेलात तर टोपी आणि टक्कल रेकॉर्ड होतं.

कॅमेरा छज्ज्याच्या अगदी खाली चिकटवला तर आयआरचा उजेड छज्ज्यावरच आपटून परत येतो, वर पांढरं फटक आणि खाली रस्ता काळा. थोडा पुढे आणा, संपलं. कोळ्याच्या जाळ्याचा एकच धागा लेन्ससमोर आला की रात्री दोरखंडाएवढा दिसतो आणि हलला की मोशनच्या नोटिफिकेशनचा पाऊस, मग वैतागून लोक नोटिफिकेशनच बंद करतात. निफाडकडे थंडीत पहाटे काचेवर दव बसतं, बागेला लागून असलेल्या कॅमेऱ्यावर फवारणीचा थर बसतो. पंधरा दिवसांनी ओल्या मऊ फडक्याने पुसा, डोमचं कव्हर कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडले की रात्रीचं चित्र कायमचं धुरकट.

घड्याळ

छोटी गोष्ट, पण सगळ्यात जास्त लाज आणणारी. बऱ्याच एनव्हीआरवर टाइम झोन चीनचा असतो, जीएमटी अधिक आठ, आपला साडेपाच. म्हणजे घड्याळ बरोबर अडीच तास पुढे. रात्री तीनची चोरी रेकॉर्डिंगवर साडेपाचला, जेव्हा दूधवाला येतो, आणि संशय कुणावर जातो ते तुम्हीच बघा. हाताने वेळ लावून उपयोग नाही, टाइम झोन चुकीचा असेल तर इंटरनेटवरून वेळ घेताना तो परत बिघडवतो. आधी झोन जीएमटी अधिक ५:३०, मग एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेणं) चालू. कॅमेऱ्याची स्वतःची वेळ वेगळी असू शकते आणि चित्रावर बऱ्याचदा तीच छापली जाते, तेव्हा दोन्ही जुळवा. लाइट गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर आतला बटण सेल संपलाय.

नेटवर्क आणि पासवर्ड

नवीन कॅमेरे एका दमात सगळे स्विचला जोडू नका. एकाच कंपनीचे कॅमेरे बऱ्याचदा एकाच आयपीवर (नेटवर्कवरचा पत्ता) येतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०८, आणि आठही जोडले की एकच सापडतो, तोही मध्येच गायब. एकेक जोडा, आयपी बदला, कागदावर लिहून एनव्हीआरच्या झाकणाला चिकटवा. हा कागद तुम्हाला तेव्हा आठवेल जेव्हा इंटरनेट कंपनी बदलेल, नव्या राउटरची रेंज १९२.१६८.२९ ने सुरू होईल आणि मोबाइलवर काहीच दिसेनासं होईल. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा एनव्हीआरला जोडत असाल आणि पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणत असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडायची पद्धत) चालू करून त्याचा वेगळा युजर बनवावा लागतो, यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

मोबाइलवर बघायला राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडून ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे ठरलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (जुन्या पद्धतीचे रेकॉर्डर) वगैरे ताब्यात घेतले होते, ॲडमिन आणि १२३४५ वाले. तसंही घरच्या फायबरवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येणारा पत्ता) नसतोच, त्यामुळे तासभर डोकं फोडून पण ते पोर्ट चालत नाहीत. कंपनीच्या ॲपचा क्यूआर स्कॅन करा आणि वेगळा पासवर्ड ठेवा. नवीन कॅमेरे घेताय तर ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीसाठी सुरक्षा तपासणीची अट आहे, ते सर्टिफिकेट असलेलं मॉडेल मागा.

आणि तो क्यूआर पहिल्यांदा तुमच्याच फोनवरून स्कॅन करा. लावणारा पोरगा घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरवर नोंद करतो, नंतर तो काम सोडून पुण्याला जातो, आणि तुमच्या घराचं गेट त्याच्या फोनमध्ये दिसत राहतं.

पोलीस फुटेज मागतात तेव्हा

टीव्हीसमोर मोबाइल धरून शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवणं, हे सगळे करतात. शोध घ्यायला चालतं, कोर्टात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे तपासायचा कोड) पण द्यावी लागते. जुन्या कायद्यात हेच ६५ ब होतं, आणि जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०२० ला सुप्रीम कोर्टाने हे प्रमाणपत्र लागतंच असं स्पष्ट केलं, तिथे पण विषय व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता. तेव्हा त्याच दिवशी पेनड्राइव्हवर मूळ फाइल काढा, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून, आणि एनव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. "उद्या बघू" म्हणालात तर ओव्हरराइट थांबणार नाही.

त्या सोसायटीच्या बॅटऱ्या काही सापडल्या नाहीत. डिस्क फॉरमॅट केली, शेड्यूल भरलं, बझर चालू केला. दोन महिन्यांनी रात्री साडेदहाला मामांचा फोन, "साहेब, टुकटुक वाजतंय." गेलो तर झाडू मारताना राउटरची पिन निघालेली. पिन लावली, आवाज थांबला, मामांनी चहा दिला आणि विचारलं, म्हणजे आता वाजलं की दर वेळी तुम्हालाच फोन करायचा का?