पॉवरपॉइंटमधला व्हिडिओ ऐनवेळी चालत नाही? या चुका टाळा

घरच्या लॅपटॉपवर झकास चालणारा व्हिडिओ सभागृहातल्या कॉम्प्युटरवर नुसता काळा चौकोन होऊन बसतो. मग पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडणं, मशीन रीस्टार्ट करणं हे सगळं सुरू होतं आणि समोरची मंडळी ताटकळतात. रीस्टार्टने हा घोळ क्वचितच सुटतो. आधी बघायचं ते एवढंच: व्हिडिओ फाइलमध्ये खरोखर आहे का? असेल तर या मशीनला तो वाचता येतो का? आणि वाचता येत असेल तर एखादं सेटिंग आड येतंय का? तपासणी याच क्रमाने करा.

व्हिडिओ फाइलमध्ये नसतोच

सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. पॉवरपॉइंट २००७ पर्यंत स्लाइडवर टाकलेला व्हिडिओ प्रत्यक्षात बाहेरच राहायचा, प्रेझेंटेशनमध्ये फक्त त्याचा पत्ता साठवला जायचा. २०१० च्या आवृत्तीपासून तो आपोआप आत बसतो. पण व्हिडिओ निवडताना ‘इन्सर्ट’ बटणाशेजारच्या बाणावर क्लिक होऊन ‘लिंक टू फाइल’ निवडलं गेलं, किंवा वर्षानुवर्षं तीच जुनी पीपीटी नवी तारीख टाकून वापरली जात असेल, तर व्हिडिओ आजही बाहेरच असतो. मग प्रेझेंटेशन ईमेलने जातं आणि व्हिडिओ घरच्या डेस्कटॉपवर राहतो. स्लाइडवर ‘मीडिया नॉट फाउंड’ दिसलं तर समजा, हाच प्रकार आहे.

संदेशाची वाट न बघताही हे ओळखता येतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघा. व्हिडिओ ८० एमबीचा आणि प्रेझेंटेशन ३ एमबीचं असेल, तर व्हिडिओ आत नाही.

आणखी खात्री हवी असेल तर प्रेझेंटेशनची एक कॉपी करा आणि कॉपीच्या नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स बदलून झिप करा. पीपीटीएक्स फाइल मुळात झिपच असते. ती उघडली की ‘पीपीटी’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’ नावाचं फोल्डर दिसेल. तिथे मीडिया१ अशा नावाची एमपी४ फाइल असेल तर व्हिडिओ आत आहे; फक्त चित्रांच्या फाइली असतील तर नाही. मूळ व्हिडिओ हरवला असेल तर तो परत मिळवण्याचीही हीच जागा.

दुरुस्ती मात्र ज्या मशीनवर मूळ व्हिडिओ आहे तिथेच होते. ‘फाइल’मध्ये ‘इन्फो’ उघडा, उजवीकडे खाली ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ दिसेल. त्यात व्हिडिओ निवडून ‘ब्रेक लिंक’ करा. नाव तोडण्याचं असलं तरी यामुळे व्हिडिओ प्रेझेंटेशनच्या आत येतो. मग सेव्ह करून साइझ वाढली का ते बघा. व्हिडिओ फारच मोठा असेल आणि बाहेरच ठेवायचा असेल, तर आधी तो आणि प्रेझेंटेशन एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नंतर स्लाइडवर टाका आणि नेताना सबंध फोल्डर न्या.

कॉलेजं आणि कार्यालयं अजूनही ‘पीपीटी फॉरमॅटमध्येच पाठवा’ म्हणतात, त्यातही एक मेख आहे. त्यांना बहुतेक वेळा नुसतं प्रेझेंटेशन हवं असतं. ते शब्दशः घेऊन ९७-२००३ च्या जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलं, तर आत बसवलेल्या व्हिडिओचं निव्वळ चित्र उरतं. वर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असं लिहिलेलं दिसलं तर व्हिडिओ टाकण्याआधी पीपीटीएक्समध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करा.

नाव एमपी४, आत भलतंच

‘व्हीएलसीमध्ये तर चालतोय!’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर स्वतःचे कोडेक, म्हणजे व्हिडिओ बांधण्या-उलगडण्याची यंत्रणा, सोबत घेऊन येतं. पॉवरपॉइंट विंडोजकडे जे आहे त्यावर अवलंबून असतं. म्हणून चाचणी घ्यायची ती विंडोजच्या स्वतःच्या मीडिया प्लेअरमध्ये. तिथे चालला नाही तर पॉवरपॉइंटमध्येही चालणार नाही.

एमपी४ हा नुसता डबा आहे. आत चित्र कोणत्या कोडेकने बांधलंय ते महत्त्वाचं. पॉवरपॉइंट २०१३ आणि पुढच्या आवृत्त्यांना एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ मानवते; २०१० साठी डब्ल्यूएमव्ही बरी. आत काय आहे ते बघायला व्हीएलसी उपयोगी पडतं: व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. एच२६४ किंवा एव्हीसी दिसलं तर ठीक. एचईव्हीसी किंवा एच.२६५ (एकाच कोडेकची दोन नावं) दिसलं तर दुखणं सापडलं: तो प्रत्येक मशीनवर असतोच असं नाही.

हे एचईव्हीसी येतं मुख्यतः फोनमधून. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून ‘हाय एफिशियन्सी’मध्ये चित्रीकरण करतो, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तशी सोय असते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. त्याने फाइल वाढते: १०८०पी ३० फ्रेमचा एक मिनिट साधारण ६० एमबीवरून १३० एमबीवर जातो. प्रेझेंटेशनसाठी हा सौदा परवडतो. ४के मात्र नको, बहुतेक सभागृहांतले प्रोजेक्टर तेवढं दाखवतच नाहीत.

एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर विकत मिळतं. ते घेतलं की तुमच्या लॅपटॉपवर व्हिडिओ चालेल, पण सभागृहातल्या मशीनवर ते असेलच असं नाही. तीच गोष्ट कोडेक पॅकची. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तसली पॅक टाकत बसू नका. मशीन बदलण्यापेक्षा व्हिडिओ बदला.

त्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. व्हिडिओ त्यात ओढा, ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट आणि एमपी४ फॉरमॅट निवडा. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ आणि फ्रेमरेट ३० ठेवा. त्याखाली आपोआप ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेलं असतं, ते बदलून ‘कॉन्स्टंट’ करा. फोन उजेडानुसार फ्रेमचा वेग कमीजास्त करत असतो, आणि त्यामुळे कधीकधी लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज यांची फारकत होते. ‘ऑडिओ’मध्ये एएसी आहे ना ते बघा आणि स्टार्ट करा. एमओव्ही फाइलचं नाव बदलून एमपी४ केल्याने आतलं काहीच बदलत नाही, तो नाद सोडा.

विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीत मीडियाचे भागच नसतात. तिथे सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून मीडिया फीचर पॅक टाकावा लागतो.

व्हिडिओ ठीक, सेटिंग आडवं

व्हिडिओ निवडला की वर ‘प्लेबॅक’ टॅब येतो. तिथे ‘स्टार्ट’पुढे ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ असेल, तर माउसने नेमकं व्हिडिओवरच क्लिक करावं लागतं. हातातल्या रिमोटने पुढे गेलात की पॉवरपॉइंट व्हिडिओ सोडून थेट पुढच्या स्लाइडवर उडी मारतं आणि वक्ता म्हणतो, व्हिडिओ चालला नाही. रिमोट वापरणार असाल तर ‘इन क्लिक सीक्वेन्स’ ठेवा, म्हणजे रिमोटच्या बटणानेही तो सुरू होतो.

त्याच टॅबवरचं ‘हाइड व्हाइल नॉट प्लेइंग’ टिक केलेलं असेल आणि सुरुवात ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ असेल, तर व्हिडिओ अदृश्य राहतो आणि क्लिक करायला जागाच उरत नाही. ते टिक काढा.

ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल वर पिवळी पट्टी घेऊन उघडली, तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबल्याशिवाय चाचणी घेऊ नका. फाइल पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका. आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, नाहीतर व्हिडिओ अडखळतो.

लॅपटॉपवर व्हिडिओ दिसतो आणि प्रोजेक्टरवर काळा, असं झालं तर विंडोज आणि पी ही बटणं दाबून ‘ड्युप्लिकेट’ निवडून बघा. तरी काळाच राहिला तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये खाली ‘डिस्प्ले’पाशी स्लाइड शोचं हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन बंद करण्याचा पर्याय आहे, तो टिक करा. आवाज येत नसेल तर तो बहुधा एचडीएमआयमधून प्रोजेक्टरकडे गेलेला असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या खुणेतून आउटपुट बदला. झूमवर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’ टिक करावंच लागतं, नाहीतर पलीकडच्यांना मूकपट दिसतो.

यूट्यूबचा व्हिडिओ स्लाइडवर टाकला असेल तर तिथे इंटरनेट हवं आणि संस्थेने यूट्यूब अडवलेलं नसावं. २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद झालं, त्यामुळे त्याआधी फ्लॅशवर बसवलेले ऑनलाइन व्हिडिओ आता चालायचे नाहीत. ते काढून नव्याने टाका.

ट्रिम केलेलं जात नाही

‘ट्रिम’ करून व्हिडिओची सुरुवात कापली तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो आणि वर सांगितलेल्या झिपच्या वाटेने कोणालाही बघता येतो. विद्यार्थ्यांचे किंवा रुग्णांचे चेहरे त्यात असतील तर हे नुसतं साइझचं प्रकरण नाही. ‘इन्फो’मधल्या ‘कॉम्प्रेस मीडिया’ने तो भाग खरोखर निघतो आणि फाइलही हलकी होते, ७२०पी बहुतेक ठिकाणी पुरतं. मूळ व्हिडिओची प्रत वेगळी ठेवूनच हे करा.

कार्यक्रमाला दहाच मिनिटं उरली असतील तर वरचं काही करत बसू नका. व्हिडिओ व्हीएलसीमध्ये उघडा, हव्या त्या सेकंदाला थांबवून ठेवा आणि वेळ आली की अल्ट आणि टॅबने तिकडे जा.