मेंडिपच्या टेकड्यांवर जाताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या मेंडिप टेकड्यांचा सर्वांत उंच माथा म्हणजे ब्लॅक डाउनवरचा बीकन बॅच. उंची 325 मीटर. हा आकडा वाचला की आपल्या मंडळींच्या अंगात राजगड-तोरणा संचारतो. ब्रिस्टल किंवा बाथला नोकरीसाठी आलेले गट शनिवारी सावकाश उठतात, अकराला गाडी काढतात, चेडर गावात पार्किंग शोधत बसतात आणि "टेकडीच तर आहे" म्हणत जॉगिंगच्या बुटांवर निघतात. इथे उंचीवर काही ठरत नाही, पायाखालच्या दगडावर ठरतं. एका दिवसाच्या चालीत तुम्ही चुनखडीवरून वालुकाश्मावर जाता आणि परत चुनखडीवर येता. दोन्हीकडे वेगळ्या खोड्या आहेत. एकीकडे घसरायला होतं, दुसरीकडे रुतायला.

ओल्या चुनखडीवर सह्याद्रीतल्यासारखं चालणं

सह्याद्रीचा कातळ खरखरीत असतो. शेवाळ नसेल तर पावसातही बूट बऱ्यापैकी पकड घेतो. चुनखडी मात्र पावलांनी घासत जाते आणि गुळगुळीत होते. चेडर घळीच्या दोन्ही कड्यांवरून फिरवून आणणारी गोल वाट साधारण साडेसहा किलोमीटरची आहे. गावाकडच्या टोकाला चढ तीव्र आणि वर्दळही तिथेच, त्यामुळे सगळ्यात झिजलेला दगडही तिथेच. त्यावर आधीच्या माणसाच्या बुटांचा चिखल पसरला की साबण लावलेल्या फरशीसारखी गत होते. खोल नक्षीचा महागडा सोल इथे फारसा वाचवत नाही, कारण नक्षी मातीत रुतते, गुळगुळीत दगडात तिला रुतायला काही नसतं.

उपाय साधे आहेत. जो दगड चकाकतो त्यावर पाय द्यायचा नाही, शेजारच्या मातीत किंवा दोन दगडांच्या फटीत द्यायचा. टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल सपाट टेकवायचं. काठीचं टोक दगडावर नको, मातीत रोवायचं. उतारावर फोन खिशात आणि हात मोकळे. जिथे खात्री वाटत नाही तिथे खाली बसून उतरायचं. पँट मळते, धुता येते. "पटकन उतरून घेऊ" म्हणणारा माणूस गटात असेल तर त्याला मागे ठेवा.

कड्याच्या काठावर बहुतेक ठिकाणी रेलिंग नाही आणि खाली शंभर मीटरहून जास्त खोली आहे. काठावरचं गवत ओलं असताना फोटोसाठी पुढे सरकणाऱ्यांना काय सांगावं! घळीत कड्याच्या अगदी बुडाशी डबा उघडून बसणं हाही तसलाच प्रकार. वर शेळ्या-मेंढ्या मोकळ्या फिरतात आणि त्यांच्या खुरांनी सुटलेले दगड खालीच येतात.

आणि तो शॉर्टकट! वरची वाट अर्धी झाली, पाय दुखायला लागले, की लोक घळीच्या वरच्या टोकाला ब्लॅक रॉकच्या फाटकापाशी डांबरी रस्ता धरतात आणि घळीतून परत निघतात. हा बी 3135 रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत आणि वरच्या भागात फुटपाथ नाही. सुट्टीच्या दिवशी तिथे मोटरसायकलवाले हौस भागवायला येतात. दमला असाल तर फाटकापाशी थांबा, खा, आणि कड्यावरच्या वाटेनेच हळूहळू परत या.

वर पाणी मिळेल असं धरून चालणं

गडावर टाकं असतं, ही सवय इथे नडते. घळ पाण्यानेच कोरलेली आहे, पण हिमयुगात, जमीन गोठून चुनखडीच्या भेगा बंद झाल्या होत्या तेव्हा. आता भेगा उघड्या आहेत, त्यामुळे पठारावरचं पाणी प्रिडी गावासारख्या ठिकाणी जमिनीत गडप होतं आणि वूकी होल किंवा चेडरला पायथ्याशी बाहेर पडतं. पठारावर प्रवाह दिसलाच तरी तो प्यायचा नाही. वर गुरं चरतात आणि चुनखडीतल्या मोकळ्या नळ्यांतून पाणी न गाळता धावतं. झऱ्याचं म्हणून ते शुद्ध, हे इथे लागू नाही. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर घरून न्या.

ब्लॅक डाउनवर "वाट तर दिसतेय" म्हणणं

दर हिवाळ्यात हे नाटक जवळपास त्याच संवादांसह होतं. गट चेडरहून दुपारी बाराला निघतो. ब्लॅक रॉक, वेल्व्हेट बॉटम, चार्टरहाउस, बीकन बॅच आणि टायनिंग्ज फार्मवरून परत चेडर, असा पंधरा-सोळा किलोमीटरचा बेत. ताशी पाच किलोमीटर धरून तीन तासांत परत, असा हिशोब. चढासाठी दर शंभर मीटरला दहा मिनिटं जोडायची असतात, ती कुणी जोडत नाही, आणि चिखलात ताशी साडेतीनच होतात हे कुणाला माहीत नसतं. पावणेतीनला ते माथ्यावर पोचतात, सेव्हर्नच्या खाडीकडून ढग येतो आणि वीस पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो.

ब्लॅक डाउनचा गाभा जुन्या वालुकाश्माचा. इथे पाणी मुरत नाही, साचतं. वर हीदर, गॉर्स ही झुडपं आणि नेच्यांचं माळरान, मध्ये घोड्यांनी आणि सायकलींनी कापलेले चर. प्रत्येक डबक्याला बाजूने वळसा घालत लोकांनी एकाच वाटेच्या पाच वाटा केल्यात, आणि धुक्यात पाचही सारख्याच मळलेल्या दिसतात. त्यात मातीचे उंचवटे. माथ्याच्या सोंडेवर कांस्ययुगातले गोल दफनढिगारे आहेत, आणि माळावर सरळ रांगांत मांडलेले लहान ढिगारे आहेत ते दुसऱ्या महायुद्धातले, शत्रूची विमानं उतरू नयेत म्हणून घातलेले. याच माळावर आगी लावून ब्रिस्टल जळतंय असा आभास निर्माण करायची आणि बॉम्बफेकी विमानांना चकवायचीही सोय होती. चकवा आता चालणाऱ्यांना लागतो. गटातला कुणीतरी म्हणतो, "हे बघ, ढिगाऱ्यांची रांग, नकाशात होती ना, हिच्याच कडेने जाऊ." ती रांग कुठल्याच गावाला जात नाही. फोनवरच्या नेहमीच्या नकाशात माळ नुसता हिरवा दिसतो, थंडीत बॅटरी उतरते, आणि उतार लागला म्हणून सगळे खूश होऊन उतरतात ते उत्तरेला, बरिंग्टन घळीत. चेडर दक्षिणेला. मध्ये अख्खा डोंगर. डिसेंबरात सूर्य चारच्या आसपास मावळतो, विजेरी एकाकडेच, आणि परतायला टॅक्सी शोधायची.

हे टाळायला अनुभव लागत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर 141 हा कागदी नकाशा घ्या. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बीकन बॅचच्या त्रिकोणमापन खांबापाशी थांबून होकायंत्र लावा. टायनिंग्ज साधारण नैर्ऋत्येला आहे. दिशा ठरवल्याशिवाय खांब सोडायचा नाही, धुकं नसलं तरी. उतार कुठे जातो ते होकायंत्राला विचारा, पायांना नाही. डबकं आलं तर त्यातूनच जा. गेटर्स (बूट-पोटऱ्यांवरची चिखलरोधक आवरणं) आणि सुक्या मोज्यांची जोडी असली की काही बिघडत नाही, आणि वाटही रुंदावत नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत नऊला चालायला लागा, नाहीतर फक्त घळीची गोल वाट करा. उशिरा निघून मोठी फेरी पूर्ण करायचा हट्ट हा शुद्ध आळस आहे, त्याला साहस म्हणू नका.

लहानसहान, पण रोजच्या

नकाशावरची हिरवी तुटक रेघ म्हणजे तिथून जायचा हक्क. जमिनीवर मळलेली वाट असेलच असं नाही.

चार्टरहाउस-वेल्व्हेट बॉटमकडची उखणलेली जमीन जुन्या शिशाच्या खाणींची आहे. वाट सोडून खड्ड्यांत डोकावू नका आणि जेवायच्या आधी हात धुवा, मुलांचे विशेषकरून.

नेच्यांतून चालल्यावर घरी येऊन गोचीड तपासा. लागली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, काडेपेटी नको. नंतर लाल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टर.

वासरं असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्या. एरवी माळावर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा छोट्या पट्ट्यावरच हवा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी.

मदत हवी असेल तर 999 लावा आणि आधी पोलीस मागा. ते शोधपथक पाठवतात.

जुन्या दगडांपाशी

प्रिडीला स्टोनहेंज शोधत जाणारे निराश होतात. तिथले नाइन बॅरोज हे गवताने झाकलेले मातीचे दफनढिगारे आहेत. भर दुपारी ते सपाट वाटतात, तिरप्या उन्हात उठून दिसतात. त्यांवर चढून फोटो काढू नका, माती सुटते. शेजारची प्रिडी वर्तुळं म्हणजे मातीचे गोल बांध, नवाश्मयुगातले आणि खासगी शेतात आहेत. 2011 मध्ये त्यांतल्या एकाचा काही भाग यंत्र लावून सपाट केला गेला आणि प्रकरण कोर्टात जाऊन दंड झाला. संरक्षित स्मारकाशी खेळ हा इथे गुन्हा आहे, दगडावर खडूने नाव लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिलेल्यांनी स्टॅंटन ड्रू गावातली शिळावर्तुळं चुकवू नयेत. मोठ्या वर्तुळाचा व्यास 113 मीटर, एव्हबरीच्या शिळावर्तुळानंतर इंग्लंडात दुसरा. ते टेकड्यांच्या उत्तरेला आहे, त्याच दिवशी चालीत कोंबू नका. तीन दगडांचा 'कोव्ह' तिथल्या पबच्या बागेत आहे, तो बहुतेक जण न बघताच परततात. वर्तुळं शेतात आहेत, नाममात्र शुल्क फाटकावरच्या पेटीत टाकायचं असतं आणि तिथे कार्ड चालत नाही, तेव्हा सुटी नाणी बरोबर ठेवा.