बागेत ससे येतायत? जाळीवर खर्च करण्याआधी या चुका टाळा

बायपासच्या पलीकडे, बिचोली, कनाडिया, राऊ, इंदूरच्या या बाजूंना ज्यांनी प्लॉट घेऊन घरं बांधलीत त्यांची हिवाळ्यात एकच रड असते, बटल्याचे, म्हणजे मटारचे, कोवळे शेंडे रात्रीतून साफ आणि पालक बुडापासून गायब. मग लागतात सगळे तिखट शिंपडायला. थांबा जरा.

आधी चोर कोण ते तरी बघा. आपल्याकडचा रानससा बीळ खणत नाही, गवतात जरासा खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो आणि अंधार पडला की चरायला निघतो, त्यामुळे वाफ्यात बीळ दिसलं तर घूस किंवा उंदीर समजा. ससा कोवळी काडी ब्लेडने तिरपी कापल्यासारखी कापतो आणि जवळपास गोल सुक्या लेंड्या सापडतात. पानावर चकाकती रेघ असेल तर गोगलगाय. छातीएवढ्या उंचीवरचे शेंडे गेले असतील तर रोजडा म्हणजे नीलगाय, तिथे ससा काय करणार बिचारा! आणि पांढराशुभ्र ससा दिसला तर तो कोणीतरी हौसेने पाळून नंतर सोडलेला, तो मात्र खणतो.

सगळ्यात जास्त गडबड जाळीत होते. सियागंजात जाऊन लोक जी स्वस्त मिळेल ती मुर्गा जाळी आणतात, भोकं मोठी असली की पिल्लं आरामात आत. एक इंचाची घ्या, उंची कमरेइतकी ठेवा कारण रानससा उडी चांगली मारतो. पण खरा घोळ खाली असतो, वरून कुंपण झकास आणि जमिनीशी चार बोटं फट, गेटखाली तर अख्खा ससा जाईल एवढी. आणि आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, नुसती गाडलेली जाळी वर्षभरात सैल होतेच. म्हणून खालची अर्धा फूट जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर आडवी पसरा, वर दगड ठेवा, आणि पावसाळ्यानंतर एकदा फिरून बघा. गेटखाली लाकडी पट्टी ठोका.

तिखट, लसणाचं पाणी वगैरे करायचंच असेल तर करा, पण पाणी घातलं की धुऊन जातं, परत मारा परत मारा, आणि तीच मेथी आपल्यालाच खायचीय ना. चमकणाऱ्या पट्ट्यांना तर ससे काही दिवसांत सरावतात.

विष किंवा फासा अजिबात नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली रानसशाची शिकार गुन्हा आहे, शिवाय ते विष शेजारच्या कुत्र्याच्या, मांजरीच्या पोटात जायला वेळ लागत नाही.

गवतात एकटं पिल्लू दिसलं की "अरे आई सोडून गेली" म्हणून उचलून घरी आणणं, गायीचं दूध पाजणं, हेही नका करू प्लीज. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ असतं, डोळे उघडे असतात, आई मुद्दाम लांब राहते म्हणजे शिकारी प्राण्याचं लक्ष जाऊ नये, आणि अंधार पडल्यावर येऊन पाजते. गवत कापताना तेवढा कोपरा सोडा.

पेरू, सीताफळाच्या नव्या रोपांकडे मात्र कोणी बघत नाही. साल गोलाकार कुरतडली गेली की रोप वाळतंच, म्हणून खोडाभोवती दोन फूट जाळीची नळी करून लावा, खोडाला घासणार नाही इतकी सैल, आणि खोड जाडलं की ती मोठी करायला विसरू नका.