राजापूरच्या मतांची वही कशी मांडायची

आमच्या घरात ‘बॅरिस्टर’ म्हटलं की राजापूरचे जुने खासदार नाथ पैच. आजोबांच्या तोंडून त्यांच्या सभा ऐकत मी कणकवली तालुक्यात वाढलो आणि पुढे राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या निकालांची वही घातली. तुमच्या मतदारसंघाची अशीच वही करायची असेल, तर मला जे उमगलं ते सांगतो.

आधी नकाशा. राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ २००९पासून नाही. पुनर्रचनेनंतर चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. दापोली, गुहागर रायगडात गेले. म्हणून २००४च्या खाली लाल रेघ मारा. रेघेवरचं मताधिक्य खालच्याशी ताडून पाहू नका.

मग निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांतून विजेते आणि मतं उतरवा. शेजारी एक रकाना ‘राज्यात काय झालं’ असा ठेवा. हा रकाना चुकवू नका, आमच्या भागाचा स्वभाव मला त्यातच दिसला. १९५७ला संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, नाथ पै निवडून आले. १९६२ आणि १९६७लाही तेच. जानेवारी १९७१मध्ये ते गेले. दोनच महिन्यांनी इंदिरा लाट आली, तरी राजापूरने त्यांच्याच प्रजा समाजवादी पक्षाच्या मधु दंडवत्यांना पाठवलं. १९८४च्या लाटेतही दंडवतेच. १९९१ला मात्र काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले, आणि १९९६पासून सलग चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. या भागाला एका रंगात रंगवणाऱ्यांचा मला राग येतो, तो याचसाठी.

टक्केवारी जपून वाचा. कोकणात चाकरमान्यांची नावं गावच्या यादीत, माणसं मुंबईत. मतदानाच्या दिवशी ते आले नाहीत तर टक्का घसरतो. गाव उदासीन आहे असं त्यावरून ठरवू नये. मतदारांत बायका पुरुषांपेक्षा जास्त का, याचं उत्तरही बरंचसं तिथेच आहे.

अलीकडच्या निवडणुकांसाठी फॉर्म २० काढा, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. केंद्राचे क्रमांक बदलतात, म्हणून शाळेचं नाव लिहा.

शेवटी जुन्या माणसांकडे बसा. पक्ष विचारू नका, चिन्ह विचारा. १९५७ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, शिक्का पुढे १९६२ला आला. आजीला पक्षाचं नाव आठवेना, सालही नाही. झोपडी, म्हणजे नाथ पैंच्या पक्षाचं चिन्ह, म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, त्या पेटीतच घातलं होतं मत. मी १९५७च्या पानावर तिचं नाव लिहिलं.