तीन टिंबं विसरलो आणि स्टॅक फुटला

जावास्क्रिप्टमध्ये रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच परत बोलावणं) येत होतं, फंक्शन लिहिता येत होतं, तरी अख्खी संध्याकाळ गेली ती बेरजेच्या सहा ओळींपायी. हवं होतं एवढंच की बेरीज(१, २, ३) म्हटलं की ६ यावेत, आकडे कितीही देऊ देत. आलं काय, तर 'मॅक्झिमम कॉल स्टॅक साइझ एक्सीडेड', म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॉल्सची चळत (स्टॅक) मर्यादेबाहेर गेली.

बेस केस, म्हणजे थांबायची अट, बरोबरच होती, आकडे संपले की शून्य परत. पाच वेळा वाचली. एका सिनियरला दाखवलं तर म्हणाला, "लूप लाव ना, कशाला डोकं खातोस", आणि गेला चहाला. (असे गुरू नकोत बाबा, काम होतं पण कळत काही नाही.)

झालं होतं असं. फंक्शन लिहिताना कंसात तीन टिंबं आणि आकडे, म्हणजे येतील तेवढी आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेली मूल्यं) गोळा होऊन एक ॲरे, म्हणजे यादी. त्यातला पहिला काढला, उरलेले 'बाकी'त, आणि परत बेरीज(बाकी). इथे टिंबं विसरलो! मग पुढच्या कॉलला २ आणि ३ अशी दोन आर्ग्युमेंट्स जातच नाहीत, जातो एकच अख्खा ॲरे, आणि वरची टिंबं त्यालाच परत गुंडाळतात: [[२, ३]]. त्यातला पहिला काढला की बाकी उरतं []. ते पाठवलं की आत [[]], डब्यात रिकामा डबा, लांबी १. पुढच्या वेळी पण १. त्याच्या पुढे पण १! शून्य कधी होणारच नाही, बेस केस बिचारी काय करणार. हवं होतं बेरीज(...बाकी).

लिहिताना टिंबं गोळा करतात, कॉल करताना तीच पसरवतात, एका चिन्हाला दोन उलटी कामं, त्यामुळे घोळ झाला तर स्वतःला ढ समजू नका. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत कन्सोल लॉग टाका, म्हणजे आत काय आलं ते छापून दिसेल; दुहेरी कंस दिसला की चोर सापडला.

२०१५ च्या आधीची, म्हणजे ही टिंबं यायच्या आधीची, नेटवरची 'आर्ग्युमेंट्स' (फंक्शनच्या आत आपोआप मिळणारी यादी) आणि 'अप्लाय' (यादी पसरवून कॉल करायची जुनी पद्धत) वाली उत्तरं मात्र आंधळेपणाने कॉपी करू नका. ॲरो फंक्शनला (=> वालं छोटं रूप) स्वतःचं 'आर्ग्युमेंट्स' नसतंच, ते बाहेरच्या फंक्शनचं उचलतं आणि तुम्ही बसता बघत.

आणि टिंबं बरोबर पडली तरी दर कॉलला नवा ॲरे बनतो. म्हणून मी आता टिंबं फक्त बाहेरच्या फंक्शनला ठेवतो, आत एक छोटं फंक्शन, ॲरे आणि इंडेक्स (कितव्या आकड्यावर आहोत ते) घेणारं, रिकर्शन त्याचंच. लाखभर आकडे असतील तर तेही फुटतं, तिथे सरळ लूप लावा. हो, तो सिनियर म्हणाला होता तोच.