ई-सायकल घेताय? कॅसेट की हबच्या आतले गिअर, हे असं ठरवा

सायकलच्या मागे उकिडवं बसा आणि मागच्या चाकाच्या मध्यभागी नीट बघा. तिथे बशीएवढा जाडजूड डबा दिसला आणि ॲक्सलमधून वायर बाहेर आलेली असली, तर मोटर तिथेच आहे. अशा सायकलीला हबच्या आतले गिअर सहसा बसतच नाहीत, कारण हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याची, जागा मोटरनं घेतलेली असते. तुमच्यापुढे एवढाच प्रश्न उरतो की फ्रीव्हील किंवा कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची चळत, किती दात्यांची घ्यायची.

हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी आठ-आठ दिवस व्हिडिओ बघून आतल्या गिअरवर मन बसवलं आणि दुकानात गेल्यावर त्यांना कळलं की पसंत पडलेल्या सायकलीची मोटर मागच्या चाकात आहे. नाशकात दिसणाऱ्या बहुतेक ई-सायकली अशाच आहेत. २५० वॅटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असला की नोंदणी लागत नाही, म्हणून कंपन्याही त्याच मापात सायकली बनवतात.

आधी दोन्ही प्रकार ओळखा

मागच्या चाकावर लहान-मोठ्या दातेरी चकत्यांची चळत असते आणि डिरेलर चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. दुकानात या सगळ्याला सरसकट कॅसेट म्हणतात. पण कमी किमतीच्या सायकलींवर बऱ्याचदा फ्रीव्हील असतं. ते हबवर आट्यांनी घट्ट होतं आणि चकत्या नि आतली टकटक करणारी यंत्रणा एकाच तुकड्यात येतात. खऱ्या कॅसेटच्या चकत्या खाचांच्या नळीवर सरकवतात, टकटक हबमध्येच राहते. चालवताना हा फरक जाणवत नाही, बदलताना जाणवतो. मोटरच्या चाकाचा ॲक्सल जाड असतो आणि त्यातून वायर निघते, त्यामुळे फ्रीव्हील काढायचं साधं टूल काही वेळा त्यावर बसतच नाही. म्हणून विकत घेतानाच विचारून ठेवा की हे काढायचं टूल तुमच्याकडे आहे का.

हबच्या आतल्या गिअरमध्ये बाहेर एकच चकती दिसते. आत मात्र छोटी ग्रहमाला असते. मधे सूर्यासारखं स्थिर दातेरी चाक, त्याभोवती ग्रहांसारखी फिरणारी छोटी दातेरी चाकं आणि त्यांच्याबाहेर दातेरी कडं. यातलं काय धरून ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, यावर गिअर बदलतो. हे तंत्र जुनं, मुरलेलं आहे. इंग्लंडची स्टर्मी-आर्चर कंपनी १९०२ साली तीन गिअरच्या हबसाठीच उभी राहिली.

मोटर कुठे आहे, त्यावरून अर्धा निकाल

मागच्या चाकात मोटर असेल तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मोटरचा जोर चेनवरून जातच नाही, थेट चाकाला मिळतो. चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर येतो, म्हणून चेन आणि चकत्या साध्या सायकलीइतक्याच झिजतात. अशा सायकलीला सात गिअरचं फ्रीव्हील पुरतं, महागड्या दहा-अकरा गिअरच्या कॅसेटच्या मागे लागू नका.

मोटर पेडलपाशी, म्हणजे मध्यभागी असेल तर सगळा हिशेब बदलतो. तिथे तुमचा आणि मोटरचा जोर एकत्र होऊन त्याच चेनवर आणि त्याच दात्यांवर येतो. ७० किलोचा माणूस १७ सेंटीमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, पूर्ण वजन टाकून उभा राहिला, तर क्षणभर साधारण ११५ न्यूटन मीटर पिळ (फिरवणारा जोर, टॉर्क) पडतो. बॉश कंपनीच्या शहरी ॲक्टिव्ह लाइन मोटरचा पिळ ४० न्यूटन मीटर आहे, डोंगरी सीएक्स मोटरचा ८५. आकडा माणसापेक्षा कमी वाटतो, पण माणूस प्रत्येक फेरीत दोनदा दम घेतो. मोटर घेत नाही, आख्खी चढण तेवढाच जोर लावत राहते. कॅसेटवर याचा परिणाम लवकर झिजण्यात होतो, आणि अकरा दात्यांची सगळ्यात छोटी चकती आधी जाते. आतल्या गिअरच्या हबवर तो जास्त गंभीर असतो, कारण तो हब तेवढ्या जोरासाठी बनलेला नसला तर आतले दाते तुटू शकतात. शिमानोचा पाच गिअरचा नेक्सस हब ई-सायकल डोळ्यांपुढे ठेवून काढलेला आहे. तीन किंवा सात गिअरचा जुना हब मध्यभागीच्या जोरदार मोटरमागे लावून देणारा कोणी भेटला, तर हबचं मॉडेल विचारा. तो हब मोटरसोबत चालतो असं त्या कंपनीनं लिहून दिलंय का, ते स्वतः वाचा.

पुढच्या चाकात मोटर असेल तर मागचं चाक मोकळं राहतं आणि मागच्या हबवर फक्त पायांचा जोर येतो. जुन्या सायकलीला मोटरचं किट बसवणाऱ्यांसाठी आतल्या गिअरची ही सगळ्यात सुरक्षित जोडी आहे. फक्त पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) स्टीलचा हवा आणि टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सल फिरू न देणारी पट्टी, लावलेला हवा. नाहीतर मोटरचा ॲक्सल खाचेत फिरून वायर तोडतो आणि चाक निसटायचीही भीती असते.

आपल्या चढाचं गणित मांडा

गिअर किती आहेत हे विचारू नका. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड गिअर यांत अंतर किती, ते काढा.

मागच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा आणि पाय मिनिटाला ६० फेरे मारतात असं धरा. पुढे ४२ दाते आणि मागे १४ ते २८ चं फ्रीव्हील असेल तर जड गिअरला ताशी सुमारे २३ किलोमीटर मिळतात आणि हलक्याला सुमारे ११. मागे १४ ते ३४ घेतलं तर हलका गिअर ताशी सव्वानऊपर्यंत उतरतो. मागे २१ दात्यांची एकच चकती लावून सात गिअरचा नेक्सस हब बसवला, तर साधारण साडेनऊ ते साडेतेवीस मिळतात. आठ गिअरचा हब आठपासून चोवीसच्या पुढे जातो. म्हणजे शहरासाठी दोन्ही पर्याय पुरेसे आहेत, आकड्यांत आतला गिअर मागे पडत नाही.

नाशिकचा रस्ता मात्र सगळीकडे सारखा नाही. पंचवटीतून त्र्यंबक नाक्यावरून सातपूरला जाताना चढ जाणवतो न जाणवतो, थांबावं लागतं ते सिग्नलला. गोदाघाटावरून जुन्या नाशकात वर चढणाऱ्या गल्ल्या छोट्या आहेत पण छातीवर येणाऱ्या. रविवारी अंजनेरीच्या बाजूला जायची सवय असेल तर अर्धा-पाऊण तास एकसारखं दामटावं लागतं. तुमचं रोजचं जाणं सिग्नलचं असेल तर आतला गिअर चांगला, लांबच्या चढांचं असेल तर मोठ्या चकतीची कॅसेट चांगली. कॅसेट स्वच्छ असली की जोर थोडा कमी वाया जातो आणि लांब पल्ल्याला बॅटरीच्या हिशेबात ते कामी येतं.

सिग्नलचं कारण साधं आहे. कॅसेटचा गिअर बदलायला पेडल फिरावं लागतं. आयटीआय सिग्नलला अचानक ब्रेक दाबावा लागला की आपण जड गिअरमध्येच थांबतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींत पेडल फिरल्याचं कळलं की मग मोटर सुरू होते. जड गिअरमध्ये पेडल सावकाश फिरतं, मोटर उशिरा लागते, तेवढ्यात मागची रिक्षा हॉर्न वाजवत असते. माझ्या आत्याला इंदिरानगरहून भाजी आणताना याचाच त्रास होता. तिच्या पिशव्यांनी भरलेल्या सायकलीला आम्ही पुढच्या चाकात मोटर आणि मागे आतले गिअर लावले. ती उभी असतानाच मूठ फिरवून पहिल्या गिअरला येते आणि पेडलवर पाय टेकला की निघते. तिच्या वापराला दुसरं काही इतकं चांगलं बसलं नसतं.

चिखल, पाऊस आणि चेन

मखमलाबाद किंवा गिरणाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांतून काळी माती रस्त्यावर येते. ती चकत्यांच्या फटीत बसली की वाळून विटेसारखी होते. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांवर तर लपेटूनच बसते. आतल्या गिअरच्या सायकलीची चेन एका सरळ रेषेत चालते, तिला पूर्ण चेनकव्हर लावता येतं, माती आत जात नाही. रोज पावसात जाणाऱ्याला हा फार मोठा फायदा आहे. पण हबवर प्रेशरचं पाणी मारू नका. रस्त्यावर ॲक्सलपर्यंत पाणी चढलं असेल तर सायकल आत घालू नका. मोटर असो वा गिअर, ॲक्सलच्या सीलमधून पाणी शिरतं.

कॅसेट घेणार असाल तर चेन मोजायला शिका. मी हे उशिरा शिकलो. माझ्या मध्यभागी मोटर असलेल्या सायकलीची चेन मी नुसती तेल घालून चालवत राहिलो. एकदा घाटावरून वर येताना पेडलवर जोर दिला आणि चेन दात्यांवरून कट् कट् करत सुटली, गुडघा हँडलवर आदळला. चेन बदलली तरी सुटतच राहिली, कारण जुन्या चेननं चकत्याही खाऊन टाकल्या होत्या. दोन्ही बदलावं लागलं.

मोजायला इंचाची स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चोवीस पिना पुढे मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. झिजून चेन लांबली आणि ती पिन एक षोडशांश इंच पुढे गेली की चेन बदला, चकत्या वाचतील. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर बहुतेक चकत्याही गेल्या. मध्यभागी मोटर असेल तर महिन्यातून एकदा हे कराच.

आतल्या गिअरचीही देखभाल असते, फक्त वेगळी. नेक्ससच्या सात किंवा आठ गिअरच्या हबला चौथ्या गिअरवर ठेवून हबजवळच्या छोट्या खिडकीत बघा. दोन रेघा एकमेकींसमोर हव्यात. सरकल्या असतील तर केबलचा स्क्रू फिरवून जुळवा, दोन मिनिटांचं काम आहे. रेघा चुकलेल्या असताना जोर लावला तर गिअर आत घसरतो आणि दाते खरवडतात. जर्मन रोलॉफचा चौदा गिअरचा हब तेलात चालतो, त्याचं तेल दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलावं लागतं. तो फार महाग आहे, शहरात रोजच्या वापरासाठी मी तो सुचवणार नाही.

दोन्हींना एक सवय सारखीच लागते. गिअर बदलताना अर्धा फेरा पायाचा जोर काढा. मध्यभागी मोटर असेल तर मोटरलाही तेवढा श्वास मिळायला हवा, काही सायकलींत त्यासाठी केबलवर सेन्सर असतो. तो आहे का, विचारा.

पंक्चरवाल्याला विचारल्याशिवाय ठरवू नका

ही पायरी लोक विसरतात आणि माझ्या मते मोटरच्या जागेनंतर हीच सगळ्यात महत्त्वाची. कॅसेटचं साधं मागचं चाक कोणीही काढतो. आतल्या गिअरच्या चाकाला गिअरची केबल सोडावी लागते, ॲक्सल फिरू नये म्हणून लावलेले खास वॉशर असतात आणि ते उलटे बसले तर गिअर जुळत नाहीत. मोटरच्या चाकाला वायरचा जोड सोडावा लागतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या काकांनी आत्याची सायकल पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांचा हात थबकला. म्हणाले, "ताई, ही वायर ओढली तर काय होईल?" आम्ही त्यांना एकदा केबल सोडून दाखवली. आता ते चाक न काढताच एका बाजूनं टायर उतरवून ट्यूब बाहेर घेतात आणि तिथल्या तिथे पॅच मारतात. पंक्चरची जागा माहीत असली की हे सहज होतं.

सुट्या भागांचंही तसंच. सात-आठ गिअरची चेन आणि फ्रीव्हील सहज मिळतं. आतल्या गिअरचा भाग बहुतेक वेळा मागवावा लागतो आणि तोवर सायकल उभी राहते. तुमचं रोजचं पोटापाण्याचं जाणं या सायकलीवर असेल आणि दुसरं वाहन नसेल, तर माझा कौल कॅसेटला किंवा फ्रीव्हीललाच आहे.

पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा की मागचं चाक माझ्यासमोर काढून परत बसवा. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करा. कुठला पाना लागला, कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता, वायरचा जोड कसा सुटला, सगळं त्यात यायला हवं. मग सायकल घेऊन जवळच्या चढावर जा, मधेच थांबा, आणि जड गिअरमधून परत निघून बघा.