संरक्षण उद्योगात विद्यावेतनासह इंटर्नशिप : नाशिकच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करावा

नाशिक जिल्ह्याला संरक्षण उत्पादन नवे नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजेच एचएएलचा, ओझर येथील कारखाना मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी १९६४ मध्ये स्थापन झाला. पुढे तेथे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटनही तेथेच झाले. हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो ओझरलाच आहे, आणि रॉकेटच्या घन इंधनावर काम करणारे, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे म्हणजेच डीआरडीओचे, एक केंद्रही नाशिकमध्ये आहे. संधी इतक्या जवळ असूनही अनेक अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतात. त्याचे कारण बहुतेक वेळा गुण कमी पडणे हे नसून, आपण कोणत्या योजनेस पात्र आहोत हे न पाहता अर्ज केलेला असणे हे असते.

म्हणून सर्वप्रथम एक गोष्ट निश्चित करावी : आपले शिक्षण चालू आहे की पूर्ण झाले आहे? शिक्षण चालू असताना, महाविद्यालयाच्या पत्रावर आणि ठरावीक प्रकल्पासाठी जी मिळते ती इंटर्नशिप. पदवी किंवा पदविका हाती आल्यानंतर, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार करून जी मिळते ती ॲप्रेंटिसशिप. पोर्टल, कागदपत्रे, विद्यावेतन आणि अटी या सर्व बाबतींत हे दोन मार्ग वेगळे आहेत. सातव्या सत्रातील विद्यार्थ्याने ॲप्रेंटिसशिपच्या जाहिरातीला अर्ज केल्यास तो वाचलाही जात नाही.

शिकत असलेल्यांसाठी सर्वांत स्पष्ट नियम असलेली योजना डीआरडीओची आहे. तिच्या प्रयोगशाळा आपापल्या जाहिराती स्वतंत्रपणे काढतात; अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेच्या अंतिम वर्षाच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे सहा महिन्यांसाठी घेतले जाते आणि दरमहा ५,००० रुपये या दराने विद्यावेतन दिले जाते. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला मिळत नाही. तीन महिन्यांनंतर १५,००० आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर उरलेले १५,००० अशा दोन हप्त्यांत ती दिली जाते. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले तीन महिने घरच्या पैशांवर काढावे लागतील, आणि हप्ता आल्यानंतरही खोलीभाडे व खानावळ त्यातून पूर्णपणे भागणार नाही. घरच्यांशी हा हिशेब अर्ज करण्यापूर्वीच मोकळेपणाने करावा, कारण मध्येच सोडलेली इंटर्नशिप प्रमाणपत्राच्याही उपयोगाची राहत नाही.

प्रयोगशाळेची निवड तिच्या विषयावरून करावी, नावाच्या दबदब्यावरून नव्हे. पुण्यातील प्रयोगशाळांपैकी पाषाण येथील एआरडीई शस्त्रास्त्रांवर, सुतारवाडीची एचईएमआरएल स्फोटके व प्रणोदकांवर (रॉकेट व तोफगोळ्यांना गती देणाऱ्या इंधनांवर), दिघी येथील आर अँड डीई पूल व इतर अभियांत्रिकी यंत्रणांवर, तर अहिल्यानगरची व्हीआरडीई लष्करी वाहनांवर काम करते. यंत्र आणि रसायन शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी हा परिसर पुरेसा समृद्ध आहे. रडार किंवा इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली यांत रस असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने मात्र बेंगळुरूची एलआरडीई किंवा हैदराबादची डीएलआरएल यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणे अधिक योग्य. अर्जातील प्रकल्पाचा विषय त्या प्रयोगशाळेच्या कामाशी जुळत नसेल, तर उत्तम सीजीपीएही फारसा कामी येत नाही.

पदवी किंवा पदविका मिळाल्यानंतरचा मार्ग नॅट्स या राष्ट्रीय पोर्टलवरून जातो. त्यावरील नोंदणी विनामूल्य आहे. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवारास दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकास किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलेले होते. आस्थापना त्याहून अधिक देऊ शकते, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीतील चालू आकडा पाहावा. एचएएलचा नाशिक विभाग पदवीधर, पदविकाधारक आणि आयटीआय उमेदवारांसाठी अशा जाहिराती काढत असतो. जळगाव जिल्ह्यातील भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माण्या आपल्याकडे सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत, पण रेल्वेने त्या सोयीच्या आहेत आणि तेथेही शिकाऊ उमेदवार घेतले जातात.

येथे क्रमाचा एक बारकावा आहे आणि तो समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. एकदा ॲप्रेंटिसशिप केलेला, किंवा एक वर्षाहून अधिक नोकरीचा अनुभव असलेला उमेदवार अशा जाहिरातींना सामान्यतः अपात्र ठरतो. निकाल लागताच हाताला मिळेल त्या कंपनीत नॅट्सचा करार करून टाकला, तर ओझरचे दार त्याच दिवशी बंद होते. दुसरीकडे, केवळ एचएएलची वाट पाहत वर्ष वाया घालवणेही शहाणपणाचे नाही. म्हणून मनात एक मुदत ठरवावी आणि तोपर्यंत जाहिरात आली नाही, तर दुसरा करार स्वीकारावा.

तिसरा मार्ग सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतून जातो, आणि माझ्या मते अनेकांसाठी तोच सर्वांत फलदायी असतो. विमान आणि संरक्षण क्षेत्राला सुटे भाग, तसेच जिग्ज व फिक्स्चर्स (काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी साधने) पुरवणारे लघुउद्योजक येथे आहेत. मोठ्या कारखान्यात शिकाऊ मुलाचा बराच वेळ पाहण्यात जातो. लहान कारखान्यात मात्र ड्रॉइंग वाचणे, सीएमएम या अचूक मोजमापाच्या यंत्रावर मोजमाप घेणे, पहिल्या नगाच्या तपासणीचा अहवाल भरणे अशी कामे त्याच्यावर लवकर सोपवली जातात. ज्या कारखान्याकडे एएस ९१०० हे प्रमाणपत्र आहे, तो विमान उद्योगाच्या गुणवत्ता पद्धतीनुसार चालतो असे समजावे. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांमार्फत महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने विचारणा केल्यास अशा कारखान्यांपर्यंत पोहोचता येते. विद्यावेतन येथे बोलून ठरवावे लागते. ते किती आणि कधी मिळेल हे पहिल्या दिवसापूर्वी लेखी घ्यावे, त्यात संकोच बाळगू नये.

कागदपत्रांची तयारी निदान एक सत्र आधी सुरू करावी, कारण संरक्षण आस्थापनांत प्रवेशाच्या परवानगीला वेळ लागतो आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक तोवर थांबत नाही. बोनाफाईड प्रमाणपत्र, विभागप्रमुखांच्या किंवा प्राचार्यांच्या सहीचे शिफारसपत्र, महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, ओळखपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे हाताशी असावे. नाव सर्व कागदांवर अक्षरशः सारखे असावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव मध्ये आणि आधारवर ते नाही, अशा फरकामुळे पडताळणी अडकते. ना-हरकत पत्रात इंटर्नशिपचा नेमका कालावधी लिहिलेला असावा. तिचे क्रेडिट कोणत्या सत्रात धरले जाईल, हेही विभागाकडून आधीच लेखी घेतलेले बरे.

परिचयपत्र एका पानाचे पुरे. त्यात वीस सॉफ्टवेअरची नावे लिहिण्यापेक्षा, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः कोणता भाग रेखाटला, त्याला कोणती टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) दिली आणि ती का, हे दोन ओळींत लिहिलेले अधिक वजनदार ठरते. मुलाखतीत प्रश्न बहुधा तेथूनच सुरू होतात.

नोंदणी शुल्क, अनामत किंवा गणवेशाचे पैसे मागणारा ईमेल आल्यास तो बनावट समजावा आणि खातरजमा संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावी. मध्यस्थाची कोठेही गरज नसते.

निवड झाल्यानंतरची शिस्त वेगळी आहे. अशा ठिकाणी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू असतो. मोबाईल, पेन ड्राइव्ह आणि छायाचित्रे यांवर निर्बंध असतात आणि विद्यार्थ्यांना गोपनीय नसलेल्या कामापुरताच प्रवेश मिळतो. त्यामुळे महाविद्यालयाला द्यावयाच्या अहवालात काय लिहिता येईल, हे मार्गदर्शक अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात विचारावे, मसुदा त्यांच्याकडून तपासून मंजूर करून घ्यावा आणि मंजुरीपूर्वी त्यातील एकही आकृती लिंक्डइनवर टाकू नये. या मंजुरीलाही वेळ लागतो. म्हणून महाविद्यालयाची अहवाल सादर करण्याची तारीख अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवावी आणि मसुदा शेवटचा महिना सुरू होताच त्यांच्या हाती द्यावा.